ट्राउट स्पेसाठी लाइन आणि लीडर: जोडणी कशी ठरवायची, कशी बांधायची

ट्राउट स्पेकडे, म्हणजे दोन हातांनी धरायच्या रॉडने ट्राउट मासे पकडायच्या फ्लाय फिशिंगकडे, वळणारा माणूस सहसा आधी रॉड घेतो, मग रॉडवरचा नंबर बघून लाइन घेतो आणि लीडर, म्हणजे फ्लायच्या आधीचा पातळ दोरा, जो हाताशी असेल तो लावतो. नदीवर गेल्यावर फेक अर्ध्यात कोसळते किंवा फ्लाय (गळावर बांधलेलं नकली भक्ष्य) चाबकासारखी मागे फुटते, आणि तो आपल्या हाताला दोष देत बसतो. हात सुधारायला वेळ लागतोच, पण पुष्कळदा खरी खोट जोडणीत असते: टिप हेडला पेलत नाही, लीडर टिपला शोभत नाही. (हेड म्हणजे लाइनीचा पुढचा जड भाग, टिप म्हणजे हेड आणि लीडर यांच्यामध्ये जोडायचा तुकडा.) म्हणून या लेखात क्रम उलटा घेतला आहे. ठरवताना फ्लायपासून मागे रीलकडे यायचं, आणि बांधताना रीलपासून पुढे फ्लायकडे जायचं.

स्पे पद्धतीचं नाव स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आलं. काठावर झाडी, पाठीमागे उंच दरड, त्यामुळे लाइन मागे सरळ फेकायला जागाच नाही. अशा ठिकाणी लांब रॉड दोन्ही हातांनी धरून, लाइनीचं पुढचं टोक पाण्याला टेकवून, मागे फक्त एक फुगवटा तयार करायचा आणि पुढे फेकायचं. पाण्याला टेकलेला भाग म्हणजे अँकर आणि मागचा फुगवटा म्हणजे डी लूप. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण लाइन आणि लीडरचा सगळा हिशेब त्यांच्यासाठीच आहे. मूळ पद्धत सामन माशांसाठी, मोठ्या रॉडची. ट्राउटसाठी तीच गोष्ट साडेदहा ते पावणेबारा फुटांच्या, २ ते ५ वेटच्या हलक्या रॉडवर करतात (वेट म्हणजे रॉड किती जड लाइनसाठी आहे त्याचा नंबर).

उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली मिसुरी नदी घेऊ. होल्टर धरणाच्या खाली, क्रेग गावाच्या आसपासचा पट्टा या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. पात्र रुंद, तळ बऱ्यापैकी सपाट, प्रवाह एकसारखा आणि वारा जोराचा. रेनबो आणि ब्राउन, दोन्ही ट्राउट तिथे आहेत. अशा पाण्यात ११ फुटी, ३ वेटचा रॉड मनासारखा चालतो. पुढचे आकडे त्याच रॉडसाठी आहेत.

ग्रेनचा हिशेब

लाइनीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन. एका हाताच्या रॉडवरून येणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. एका हाताच्या ५ वेट लाइनीचे पहिले ३० फूट साधारण १४० ग्रेन भरतात. ३ वेटच्या स्पे रॉडला मात्र २४० ते ३०० ग्रेनचं हेड लागतं. एका हाताच्या मापात हे वजन जवळजवळ ९-१० वेटचं झालं. दोन्ही मापं वेगळी आहेत. ३ वेट ट्राउट स्पे रॉड मासा खेळवताना एका हाताच्या ५-६ वेट रॉडसारखा वाटतो, पण फेकीसाठी त्याला जड आणि आखूड लाइन हवी, कारण डी लूपमध्ये लाइनीचा थोडाच भाग मागे जातो आणि तेवढ्याच भागाने रॉड वाकवायचा असतो.

म्हणून रॉडवरच्या वेटच्या आकड्यावर विसंबू नका. रॉड बनवणारी कंपनी त्या रॉडसाठी ग्रेनची कक्षा देते, ती शोधा. ढोबळ अंदाज असा: २ वेटला २०० ते २४०, ३ वेटला २४० ते ३००, ४ वेटला ३०० ते ३६०, ५ वेटला ३६० ते ४२०. शिकणाऱ्याने कक्षेच्या मधल्या भागातलं हेड घ्यावं. फार हलकं हेड घेतलं तर रॉड वाकत नाही आणि माणूस ताकद लावायला लागतो. ती सवय मोडायला नंतर फार त्रास पडतो.

आधी फ्लाय आणि खोली ठरवा

ट्राउट स्पेमध्ये फ्लाय बहुतेक वेळा स्विंग करतात. म्हणजे प्रवाहाला तिरकी, खालच्या अंगाला फेकायची आणि ताणलेल्या लाइनीवर ती आडवी सरकत काठाकडे येऊ द्यायची. फ्लाय कोणती आणि ती पाण्यात किती खाली चालली पाहिजे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीची खरेदी आपोआप ठरते.

उन्हाळ्यात संध्याकाळी कॅडिस नावाचे पाणकिडे उडू लागले की ट्राउट वरच्या थरात येतात. तेव्हा १२ ते १६ नंबरच्या गळावर बांधलेली सॉफ्ट हॅकल (मऊ पिसाची छोटी फ्लाय) पृष्ठभागाच्या वितभर खाली चालली की पुरे. फ्लायला वजन नाही, खोली नाही, म्हणजे तरंगता लीडर आणि स्कँडी हेड. वसंतात पाणी थंड असताना मासे तळाशी, मंद प्रवाहात असतात आणि हालचाल करायला राजी नसतात. तेव्हा २ ते ३ इंचांची स्ट्रीमर (छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय) तळाच्या जवळून हळू न्यावी लागते. म्हणजे बुडणारी टिप आणि ती उचलू शकणारं स्कॅगिट हेड.

स्कँडी की स्कॅगिट

स्कँडी हेड स्कँडिनेव्हियातून आलं. स्वीडनच्या गोरान आंदेरसन यांनी खालच्या हाताने ओढून फेकायची 'अंडरहँड' शैली रूढ केली, तिच्याशी या हेडचं नातं आहे. ते लांब, पुढे निमुळतं होत जाणारं असतं. ११ फुटी रॉडला साधारण २२ ते २८ फुटांचं. निमुळत्या टोकामुळे फ्लाय पाण्यावर अलगद उतरते. अँकर क्षणभरच टेकवायच्या फेकी, म्हणजे सिंगल स्पे आणि स्नेक रोल, त्यावर सुरेख होतात. जड टिप मात्र त्याला झेपत नाही.

स्कॅगिटचं नाव वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट नदीवरून पडलं. सिएटल-बेलव्ह्यू भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना ती घरापासून गाडीच्या टप्प्यात आहे. तिथल्या स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट) पकडणाऱ्या मासेमारांनी हिवाळ्याच्या थंड पाण्यात मोठ्या फ्लाय आणि बुडणाऱ्या टिपा फेकण्यासाठी ही पद्धत घडवली. हेड आखूड, जाड, आणि वजन जवळजवळ शेवटापर्यंत कायम. ट्राउटसाठी ते बहुधा ११ ते १८ फुटांचं असतं. अँकर पाण्यावर ठेवून, सावकाश डी लूप भरून फेकायच्या स्नॅप टी, डबल स्पे यांसारख्या फेकी त्याच्यासाठी आहेत.

त्याच रॉडवर स्कँडी हेड स्कॅगिटपेक्षा सुमारे २५ ते ३० ग्रेन हलकं घ्यायचं. आपल्या ३ वेटला स्कॅगिट २७५ ग्रेन, तर स्कँडी २४५ ग्रेनच्या आसपास. स्कॅगिट हेडवर छापलेल्या वजनात टिप धरलेली नसते, ती वेगळी जोडायची असते. शिकणाऱ्याने स्कॅगिटपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. त्याच्या फेकी सावकाश असतात, मध्ये थांबून बघता येतं, आणि नुसती टिप बदलून वरच्या थरापासून तळापर्यंत सगळं पाणी मासेमारीखाली येतं. नजाकतीने स्कँडी सरस आहे, यात वाद नाही, पण ती नजाकत वर्षभराने शिकली तरी काही बिघडत नाही.

टिप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

स्कॅगिट हेडला नुसता नायलॉनचा लीडर लावून फेकू नका. जाड, जड हेडचं टोक थेट पातळ लीडरवर आलं की अँकरला पाण्याची पकड मिळत नाही आणि लाइन पाण्यातून उपटून मागे उडते. वरच्या थरात मासेमारी करायची असली तरी हेडपुढे ७ ते १० फुटांची तरंगती टिप हवीच.

टिपा दोन प्रकारच्या मिळतात. पहिल्या म्हणजे पॉलीलीडर: निमुळता, लेप दिलेला तयार लीडर, तरंगत्यापासून अतिजलद बुडणाऱ्यापर्यंत वेगवेगळ्या घनतेत. ट्राउटसाठी ५ आणि १० फुटांचे घेतात, स्पेसाठी १० फुटांचे बरे. घेताना आतल्या दोऱ्याची ताकद बघा. ट्राउटचे पॉलीलीडर साधारण १२ पौंडांचे आणि सामनचे २४ पौंडांचे असतात. ३ वेटवर ट्राउटचे चालतात. मोठी, वजनदार स्ट्रीमर लावायची असेल तर सामनचा जाड पॉलीलीडर ती जास्त चांगली उलगडतो.

दुसरा प्रकार टंगस्टन भरलेल्या टी-मटेरियलचा. याचं गणित सोपं आहे: टी-७ म्हणजे फुटाला ७ ग्रेन, टी-११ म्हणजे फुटाला ११. १० फूट टी-७ घेतलं तर ७० ग्रेन, १० फूट टी-११ घेतलं तर ११० ग्रेन. आपल्या २७५ ग्रेनच्या हेडला ७० ग्रेन सहज पेलतात, ११० पेलत नाहीत. मी स्वतः टिपचं वजन हेडच्या पाव भागाच्या आसपास ठेवतो. त्याच्या फार पुढे गेलं की अँकर पाण्यात रुतून बसतो आणि रॉडची सगळी ताकद तो उपटण्यात जाते. जास्त खोल जायची हौस असेल तर टी-११ चा आखूड तुकडा, ५-६ फुटांचा, त्याच्यामागे तरंगता तुकडा जोडून वापरतात. लांबी तीच राहते, वजन आटोक्यात येतं.

पाकिटावर बुडण्याचा वेग दर सेकंदाला अमुक इंच असा लिहिलेला असतो. तो स्थिर पाण्यातला असतो. सेकंदाला ३ इंच बुडणारी टिप १० सेकंदांत ३० इंच खाली जाईल हे खरं, पण लाइन ताणली गेली की प्रवाह तिला वर उचलतो. म्हणून फेक पडताच लाइनीचा पोट काढलेला भाग वरच्या अंगाला उलटवा, दोन पावलं खाली चाला, टिपला सैलपणात बुडू द्या आणि मगच ताण येऊ द्या. टिप बदलण्याआधी हे करून बघा. फेकीचा कोन थोडा वरच्या अंगाला घेतला तरी फ्लाय फूटभर खाली जाते आणि खिशातून नवी टिप काढायची वेळ येत नाही.

लीडर

बुडणाऱ्या टिपपुढे लांब लीडर लावणं व्यर्थ आहे. टिप तळाशी जाते आणि फ्लाय लांब लीडरवर वर तरंगत राहते. ३ ते ४ फुटांचा एकाच जाडीचा फ्लुरोकार्बन पुरे. स्ट्रीमरला १एक्स किंवा २एक्स, म्हणजे साधारण ०.२५ ते ०.२३ मिलिमीटर. टिप आणि लीडर मिळून लांबी रॉडच्या सव्वापटीच्या आसपास येऊ द्या. आपल्या रॉडला १० फूट टिप आणि ४ फूट लीडर, एकूण १४ फूट, छान बसतं.

तरंगत्या टिपपुढे ५-६ फुटांचा निमुळता लीडर लावा. तयार ९ फुटी लीडरचं जाड टोक कापून आखूड केलं तरी चालतं.

स्कँडी हेडला मात्र लांब लीडर हवा, रॉडच्या लांबीइतका ते दीडपट. कारण इथे अँकर म्हणजे लीडर आणि हेडचं टोक एवढंच. १० फुटी तरंगता पॉलीलीडर आणि ३-४ फूट टिपेट (लीडरचा शेवटचा, सगळ्यात बारीक तुकडा) हा सरळ मार्ग. हाताने बांधायचा असेल तर १२ फुटांचा लीडर असा करा: साडेचार फूट ०.४३ मिलिमीटर, अडीच फूट ०.३८, एक फूट ०.३३, एक फूट ०.२८, आणि शेवटी तीन फूट ०.२३ चं टिपेट. प्रत्येक जोडाला ब्लड नॉट. जाडीतला फरक ०.०५ मिलिमीटरवर ठेवला आहे तो मुद्दाम, त्याहून मोठी उडी घेतली की ब्लड नॉट नीट बसत नाही. गाठ ओढण्याआधी ओली करा. कोरडी ओढलेली गाठ तापून कमकुवत होते.

टिपेट किती बारीक करावं? स्विंगमध्ये मासा ताणलेल्या लाइनीवर धडक मारतो. मध्ये सैलपणा नसतो, त्यामुळे धक्का थेट टिपेटवर येतो. कोरड्या फ्लायसाठी ५एक्स वापरणाऱ्या हाताला ३एक्स जाड वाटेल, तरी ३एक्सपेक्षा, म्हणजे ०.२० मिलिमीटरपेक्षा, बारीक घेऊ नका. तुटलेल्या टिपेटसकट गळ तोंडात घेऊन मासा निघून जातो, ते त्याच्यासाठी वाईट आहे. गळाचा काटाही दाबून सपाट करा.

आता रीलपासून बांधायला घ्या

रील एका हाताच्या ७-८ वेटच्या मापाचा घ्या, लांब रॉडचा तोल त्यानेच सांभाळला जातो. शक्य असेल तर पूर्ण बंद चौकटीचा, कारण बारीक रनिंग लाइन चौकट आणि स्पूलच्या फटीतून बाहेर निसटते.

बॅकिंग, म्हणजे रीलवर सगळ्यात आत राहणारा दोरा, २० पौंडांचं डेक्रॉन. किती लागेल हे कळायला एक जुनी युक्ती आहे. आधी हेड गुंडाळा, त्यावर रनिंग लाइन, त्यावर बॅकिंग, कडेला ५-६ मिलिमीटर जागा उरेपर्यंत. तिथे कापा, सगळं उलगडा आणि उलट्या क्रमाने पुन्हा भरा. स्पूलला आर्बर नॉट. बॅकिंगच्या दुसऱ्या टोकाला दुहेरी सर्जन गाठीचा लूप करा आणि तो एवढा मोठा ठेवा की रनिंग लाइनीचं पूर्ण वेटोळं त्यातून जाईल. पुढे लाइन बदलायची झाली तर काहीच कापावं लागत नाही.

रनिंग लाइन म्हणजे हेडमागची बारीक लाइन, फेकीबरोबर गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांतून, सुटत जाणारी. लेप दिलेली लाइन हातात धरायला सोपी, ओढायला सोपी. मोनो (नायलॉनची एकपदरी लाइन), साधारण २० ते २५ पौंडांची, जास्त लांब सुटते, पण थंड ओल्या बोटांतून निसटते आणि वेटोळ्यांची आठवण धरून ठेवते. रोज सकाळी ती हातभर-हातभर ताणून सरळ करावी लागते. ट्राउटच्या फेकी बहुधा ४० ते ६० फुटांच्या. एवढ्यासाठी सुरुवातीला लेपाचीच घ्या. मोनो असेल तर बॅकिंगला ती अल्ब्राइट गाठीने जोडा.

रनिंग लाइनीचा पुढचा लूप हेडच्या मागच्या लूपमध्ये घालताना दोन हात एकमेकांत गुंतवावेत तसे दोन्ही लूप समोरासमोर बसले पाहिजेत. एक लूप दुसऱ्यावर आवळून बसला तर जोड फुगतो, गाइडमध्ये अडकतो आणि लेप कापतो. हाच नियम हेड-टिप आणि टिप-लीडर जोडाला. घट्ट ओढून डोळ्यांनी तपासा. हा जोड गाइडमधून जाताना हाताला जाणवतोच. ते आवडत नसेल किंवा गाइडमध्ये बर्फ धरण्याइतकी थंडी असेल, तर हेड आणि रनिंग लाइन एकसंध असलेली लाइन मिळते. मात्र मग हेड बदलायची मुभा जाते.

पाण्यावर तपासणी

पहिल्यांदा गवतावर नको, पाण्यावरच तपासा. पाण्याची पकड नसेल तर अँकर म्हणजे काय ते कळणारच नाही. टोकाच्या गाइडबाहेर हेडचा मागचा लूप एक-दोन फूट येईल इतकी लाइन काढा आणि त्याच जागी बोटाने धरून फेका.

फ्लाय पाण्यातून सुटून मागे फटकन आवाज करत असेल तर अँकर कमी पडतो आहे. स्कँडीवर लीडर दोन फुटांनी वाढवा, स्कॅगिटवर थोडी जड टिप लावा. हातही सावकाश करा. उलट, लाइन पाण्याला चिकटून पुढे निघतच नसेल तर टिप जड आहे किंवा लांब आहे, किंवा ती बुडेपर्यंत तुम्ही थांबता आहात. फेक सरळ जाते पण शेवटी फ्लाय आणि लीडर गोळा होऊन पडतात, तर टिपेट फ्लायच्या मानाने बारीक आहे. आधी ते जाड करा, मग आखूड करा. आणि लूप गाइडबाहेर फार लांब गेल्यावर हेड लटपटत असेल तर थोडी लाइन आत ओढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. वारा प्रवाहाच्या दिशेने, वरून खाली वाहत असेल तर अँकर खालच्या अंगाला ठेवणाऱ्या फेकी घ्या: डबल स्पे किंवा स्नेक रोल. वारा खालून वर येत असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप टी. उलट केलंत तर वारा गळ तुमच्या अंगावर आणेल. चष्मा आणि टोपी या कामात हत्यारांइतकीच गरजेची आहेत.

हिमालयात हे चालेल का?

महाराष्ट्रातून हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जाणारे बरेच आहेत. तीर्थन मिसुरीसारखी रुंद नाही. खडकांमधले छोटे डोह आणि अंगावर आलेली झाडं, तिथे ११ फुटी रॉड अडचणच करतो. पण मागे जागा नसण्याचा प्रश्न तोच आहे. एका हाताच्या ४-५ वेट रॉडवर आखूड स्कॅगिट हेड आणि ५ फुटी पॉलीलीडर लावला तर याच फेकी तिथे उत्तम होतात. हेड निवडताना त्या रॉडसाठी सुचवलेले ग्रेन बघा, स्पे रॉडचा तक्ता लावू नका. आणि हिमाचल असो की मोंटाना, परवाना आधी काढा.

खरेदी आणि निगा

पैसे मोजून खर्च करायचे असतील तर ३ वेटसाठी एक २७५ ग्रेनचं स्कॅगिट हेड, लेपाची रनिंग लाइन, आणि तीन टिपा: तरंगती, मध्यम बुडणारी, जलद बुडणारी. टिपेटची दोन रिळं, १एक्स आणि ३एक्स. एवढ्यावर वर्ष सहज निघतं. दुसरं हेड त्यानंतर, आणि ते स्कँडी.

हेड आणि टिपा वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा आणि पाकिटाबरोबरच लाइनीवरही पक्क्या शाईने ग्रेन लिहा, कारण ओल्या हातात दोन काळ्या टिपा सारख्याच दिसतात. मोसमात अधूनमधून लाइन कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, मऊ फडक्यातून ओढून पुसा. लूपजवळ लेपाला चीर दिसली तर तो लूप कापून नवा बसवून घ्या. आणि प्रत्येक मासा सोडल्यावर टिपेटवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं की तेवढा तुकडा कापा आणि फ्लाय पुन्हा बांधा.